काटेखिंडीतली सूट

"तुझे आबा रविवारी जीप घेऊन काटेखिंड उतरणारेत," आईने फोनवर सांगितलं, तेव्हा हर्षला ऑफिसात जेवणाचा डबा उघडून बसली होती. आईच्या आवाजात काळजीचा लवलेश नव्हता. होतं ते निव्वळ कौतुक.

"मावशीच्या नातीचं लग्न आहे ना खाली. शेजारचे चौघं, मी, आणि चालवायला हे. काल सातशे वीस गुण पडले म्हणे. तुझ्याच खेळात! पहिल्यासारखे झालेत गं अगदी."

हर्षलाचा घास हातातच राहिला. "दुसरी गाडी नाही का मिळत?"

"घाटात कुठली गं? त्या आपोआप चालणाऱ्या गाड्या खिंडीच्या अलीकडेच थांबतात, माहितीय ना तुला. हे म्हणतात, जिथं यंत्राची मती गुंग होते तिथं उतेकर चालतो." आई हसली आणि फोन ठेवून लाडू वळायला गेली.

खरंच होतं ते. एव्हाना महामार्गावरच्या बहुतेक गाड्या स्वतःच्या स्वतः धावत होत्या. पण काटेखिंडीच्या जुन्या रस्त्यावर कडेचे पट्टे दर पावसाळ्यात धुऊन जात, दरड आली की वळणच दोन हात सरकायचं आणि यंत्रं गोंधळायची. त्या रस्त्यावर अजून माणसाचे हात लागत. शांताराम उतेकरांनी एकतीस वर्षं त्याच घाटातून एसटी चालवली होती. तेव्हा मात्र त्यांचे दोन्ही हात धड होते.

नऊ महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात मांडीवर पडला तो पडलाच. डॉक्टरांनी व्यायाम दिले. बोटं उघडा, मिटा, चेंडू दाबा. आबांनी चार दिवस चेंडू दाबला आणि पाचव्या दिवशी तो खिडकीबाहेर भिरकावला. "मी काय तान्हं पोर हाय का?" एवढंच बोलले. त्यांच्या नाकावर माशी कधी बसलेली कुणी पाहिली नव्हती, ती आजारपणात तरी कशी बसणार?

मग हर्षलाने त्यांच्यासाठी पडद्यावर गाडी चालवायचा खेळ तयार केला, खरं सुकाणू आणि ब्रेक लावून. तोच तर तिचा धंदा होता.

डबा तसाच सारून तिने आबांचा तक्ता पडद्यावर उघडला. वरची हिरवी रेघ म्हणजे गोडी. खालची लाल रेघ म्हणजे सूट.

गोडी हे हर्षलाच्या कंपनीने शोधलेल्या मापाचं नाव. माणसाला खेळात मजा कशाने येते, यावर पूर्वी नुसते वाद व्हायचे. कुणी म्हणे चित्रं, कुणी म्हणे गोष्ट, कुणी म्हणे बक्षीस. मेंदू मात्र वेगळंच सांगत होता. आपण काहीही करतो तेव्हा मेंदू आधीच एक अंदाज बांधून ठेवतो. घडलेलं त्या अंदाजाबरहुकूम निघालं की तो ढिम्म राहतो. अंदाज थोडासा चुकला, आणि पुढच्या वेळी जमेल असं वाटलं, की तिथे एक लहर उठते. त्या लहरीलाच आपण मजा म्हणतो. दर वेळी जिंकणाऱ्याच्या डोक्यात ती उठत नाही आणि दर वेळी हरणाऱ्याच्याही नाही. कपाळावरच्या कापडी पट्टीतून ती लहर मोजता येऊ लागली आणि खेळांचं जगच बदललं. दर चार सेकंदांनी यंत्र गोडी बघायचं. खेळणारा कंटाळला तर खेळ अवघड करायचं, हताश झाला तर सोपा. हे सोपं करणं म्हणजे सूट. ती इतक्या हलक्या हाताने दिली जाई की खेळणाऱ्याला पत्ताच लागू नये. रस्ता बोटभर रुंद व्हायचा. काळ किंचित मंद व्हायचा.

एक गोष्ट मात्र पक्की होती. चाळीस जणांवर त्यांनी ती करून पाहिली होती. खेळ ऐन रंगात असताना त्या माणसाला सांगायचं, तुला सूट मिळतेय. मिनिटभरात हिरवी रेघ आडवी व्हायची आणि त्या माणसाची त्या खेळातली गोडी पुन्हा काही उठायची नाही. म्हणून कंपनीचा पहिला नियम होता, सूट दाखवायची नाही.

आबांच्या तक्त्यावर सूट होती एक्केचाळीस टक्के.

तिने तपशील उघडला. झटक्याने आबांचा नुसता डावा हात गेला नव्हता. मेंदूची डावीकडे बघण्याची सवयही अधू झाली होती. डोळे धड होते, पण डाव्या अंगाला काय चाललंय याची मेंदू दखलच उशिरा घ्यायचा. यंत्राने हे पहिल्याच आठवड्यात हेरलं होतं. तेव्हापासून आबांच्या खेळात डावीकडचा कठडा वेळेआधीच उजळायचा आणि चाक कडेला निघालं की सुकाणू केसभर आपसूक उजवीकडे वळायचं. तपासणीला डॉक्टर बोट नाचवत तेव्हा आबा सावध असत, म्हणून तिथे ते सुटून गेलं. तिने स्वतःही इतके महिने फक्त हिरवी रेघ पाहिली होती. त्यातून खेळातला घाट तिने काटेखिंडीचाच घेतला होता, वळण न् वळण मोजून. आबांना घरचा रस्ता मिळावा म्हणून. आता त्याच प्रेमाने, आपण खरा घाटही उतरू शकतो, अशी त्यांची खात्री पटवून दिली होती.

शेजारच्या टेबलावर फिरोज तांबोळी बसायचा. मेंदूचं सगळं तोच बघे. तिने त्याला पडदा दाखवला.

"हात किती सुधारलाय?" त्याने विचारलं.

"कप धरतात."

"अजून सहा महिने खेळले तर शर्टाची बटणं लावतील. नंतर मेंदूची ही खिडकी बंद होते, हर्षला. तू आज सांगितलंस तर खेळ सुटला. खेळ सुटला तर हात सुटला."

"आणि नाही सांगितलं तर रविवारी सहा माणसं दरीत."

फिरोजने पडदा परत तिच्याकडे वळवला. त्याच्यापाशी याचं उत्तर असतं, तर कंपनीने त्याला केव्हाच वरच्या मजल्यावर बसवलं असतं.

शनिवारी सकाळी ती वाईला पोहोचली. दाराशी टांगलेली पितळी घंटा तिने ओढली. निवृत्तीच्या दिवशी डेपोतल्या मंडळींनी मोडीत निघालेल्या गाडीतली ही कंडक्टरची घंटा दोरीसकट आबांना भेट दिली होती. घरात कुणी एकच टोला दिला की आबा आतून ओरडायचे, "कोण उतरतंय?"

आजही ओरडले. मग बाहेर आले. डाव्या हातात चहाचा कप होता. कप थरथरत होता पण सांडत नव्हता, आणि ते तिच्या तोंडाकडे बघत होते, तिचं लक्ष गेलं की नाही म्हणून.

वाटभर घोकून आणलेलं वाक्य तिने बाजूला ठेवलं.

"आबा," ती शेवटी म्हणाली, "खेळ वेगळा, खरा घाट वेगळा."

"आगं, घाट तू मला शिकवतीस व्हय?"

"तसं नाही. पण डॉक्टरांना एकदा विचारून…"

"डाक्टरला कशापायी? तुझ्या यंत्रानं पास केलंय मला. का तुझं यंत्र खोटं बोलतंय?"

ते हसत म्हणाले होते. हर्षला हसली नाही. तिला कॅरम आठवला. ती नऊ वर्षांची होईपर्यंत आबा रोज तिच्याशी कॅरम हरायचे. राणी नेमकी त्यांच्याच हातून चुकायची. एक दिवस डेपोतल्या कुणीतरी सांगितलं, तुझा बाप राणी डोळे झाकून घेतो, तुला कच्चं लिंबू म्हणून खेळवतो. लहान भावंडांना खेळात घेतात, पण ती बाद झाली तरी बाद धरत नाहीत, ते कच्चं लिंबू. त्या दिवशी ती हमसून हमसून रडली आणि वर्षभर तिने सोंगटीला हात लावला नाही. जिंकलेला एकेक डाव तिला परत करावासा वाटत होता.

"तुला पटत न्हाई, दिसतंय मला," आबा म्हणाले. "चल तर मग. दावतोच."

जीप जुनी होती, नंतर बॅटरीवर बदलून घेतलेली. गिअर नाही, क्लच नाही. आई दारातून "सावकाश हो" म्हणाली, आणि पुन्हा लाडवांकडे वळली. हर्षला डावीकडच्या सीटवर बसली. गाडी गावाबाहेर पडेपर्यंत सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं. मग ठरवलं, नाक्यापर्यंत. मग घाटाच्या पायथ्यापर्यंत. माणूस स्वतःला अशी मुदतवाढ देण्यात मोठा उदार असतो.

चढ आबांनी झकास घेतला. चढताना डोंगर डावीकडे होता, रस्ता रुंद होता आणि समोरून कुणी येत नव्हतं. उजवा हात फिरवत होता, डावा सुकाणूवर नुसता टेकून साथ देत होता. आबा गुणगुणायला लागले. नऊ महिन्यांत तिने ते ऐकलं नव्हतं, आणि क्षणभर तिचाही विश्वास बसला. कदाचित तक्ताच चुकत असेल. कदाचित खऱ्या घाटात एकतीस वर्षांची सवय जागी होत असेल.

खिंड ओलांडली. रस्ता उतरू लागला आणि दरी डावीकडे आली. तिच्या बाजूला.

पहिलं वळण गेलं. तिने खिडकीतून खाली पाहिलं. चुन्याने रंगवलेले कठड्याचे दगड चाकापासून हातभर अंतरावरून सरकत होते. दुसऱ्या वळणानंतर ते वीतभरावर आले. आबांची नजर समोर होती, चेहरा शांत होता. त्यांच्या लेखी गाडी रस्त्याच्या मधोमध चालली होती.

"आबा, थोडं उजवीकडे."

"उजवीकडंच हाय की."

तिसऱ्या वळणाच्या पुढे पावसाळ्यात कठडा ढासळला होता. दगड नव्हते, नुसती मोकळी कड होती. आणि तेवढ्यात समोरच्या वळणातून दुधाचा टेम्पो आला, हॉर्न देत, उतरणाऱ्यांच्या बाजूत निम्मा घुसून. आबांनी टेम्पो बरोबर पाहिला, कारण तो उजवीकडे होता. त्यांनी त्याला जागा द्यायला गाडी डावीकडे घेतली.

खेळात इथेच सुकाणू आपोआप परत फिरायचं. इथे कुणी फिरवणारं नव्हतं.

ओरडावं तर ते तिच्याकडे वळून बघतील. सुकाणू हिसकावं तर त्यांचा उजवा हात तिच्या दुप्पट ताकदीचा, ते ओढून धरतील. विचार करायला वेळ नव्हताच. तिची मूठ वर गेली आणि हातातल्या कड्यासकट टपाच्या लोखंडी दांडीवर आदळली.

टण.

एकच टोला. एकतीस वर्षं ज्या आवाजासरशी उजवा पाय ब्रेकवर गेला होता, तो मेंदूला न विचारता आताही गेला. जीप जागच्या जागी थांबली. टेम्पो शिव्या घालत निघून गेला. गाडीखालून सुटलेले चार खडे खाली जाताना ऐकू आले, आणि ते पोहोचल्याचा आवाज काही आला नाही.

"कोण उतरतंय?" आबांनी विचारलं. मग त्यांचं त्यांनाच कळलं की ही एसटी नव्हे.

"आपण उतरू," हर्षला म्हणाली. तिच्या दाराखाली जमीन नव्हती, म्हणून दोघंही उजवीकडून उतरली.

आबा गाडीला वळसा घालून आले. पुढचं डावं चाक निम्मं कडेबाहेर होतं. ते बराच वेळ चाकाकडे बघत राहिले. मग त्यांनी डावा हात पुढे धरला, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा चाकाकडे पाहिलं.

"मला दिसलंच न्हाई."

"हो."

"खेळात तर दिसतंय."

"खेळात मी दाखवते, आबा." तिने सगळं सांगितलं. उजळणारा कठडा, आपसूक फिरणारं सुकाणू, एक्केचाळीस टक्के. काही लपवलं नाही. बोलताना ती रडत होती आणि तिला त्याची लाजही वाटत नव्हती.

आबांनी ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा असा पडला की तिला वाटलं, दरीत गेलो असतो ते बरं होतं.

"म्हंजी सातशे वीस…"

"तुमचे नाहीत. निम्म्याहून थोडे जास्त तुमचे आहेत."

"कच्चं लिंबू," आबा म्हणाले. त्यांनी खिशातून किल्ली काढून तिच्या हातात ठेवली. येताना ते डावीकडच्या सीटवर बसले.

लग्नाला आई शेजाऱ्यांबरोबर लांबच्या वाटेने गेली. आबा घरीच राहिले. पट्टी त्यांनी कपाटात टाकली आणि पडद्यावर चादर घातली. हर्षलाने कंपनीत लेखी कळवलं, की आजारी माणसांचे गुण कुणालाही दाखवताना सूटही दाखवली पाहिजे. वरच्यांनी सांगितलं, मग खेळेल कोण? तो झगडा अजून चालू होता. तिचं अर्धं लक्ष मात्र आईच्या फोनकडे असायचं.

पहिल्या आठवड्यात आई म्हणाली, "बोलत नाहीत." आठव्या दिवशी म्हणाली, "चहा उजव्या हाताने घेतात आता." अकराव्या दिवशी म्हणाली, "डाव्या हाताची बोटं आखडायला लागलीत गं," आणि फोनवरच रडली.

हर्षला त्याच दिवशी निघाली.

ती पोहोचली तेव्हा दुपारचं ऊन अंगणात होतं. तिने दारावरची घंटा वाजवली नाही, खिळ्यावरून काढून आत नेली. आबा पलंगावर बसले होते. तिने पडद्यावरची चादर ओढली, घंटा पडद्यासमोरच्या दोन खुर्च्यांपैकी डावीकडच्या खुर्चीच्या दांड्याला बांधली, आणि आबांच्या देखत लाल रेघेचा आकडा खाली आणला. एक्केचाळीस. वीस. शून्य.

"बघा. आता यात माझं काही नाही."

आबांनी तिरक्या नजरेने बघितलं. "मग काय व्हईल?"

"पडाल. पहिल्याच वळणावर."

"किती येळा?"

"माहीत नाही."

"तुला म्हायती न्हाई?"

"नाही आबा. आजवर मला आधी माहीत असायचं. आज नाही."

त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. मग हळूहळू उठून उजवीकडच्या खुर्चीत बसले. तिने पट्टी पुढे केली. "ती नगं," ते म्हणाले. "माझं डोस्कं मोजायचं न्हाई कुणी." तिने पट्टी बाजूला ठेवली आणि डावीकडच्या खुर्चीत बसली. आता गोडीची रेघ वर जाते की आडवी होते, हे तिला कधीच कळणार नव्हतं. या धंद्यात आल्यापासून असं आंधळं बसण्याची तिची पहिलीच वेळ होती.

पहिल्या वळणावर ते दरीत गेले. पुन्हा लावलं, पुन्हा गेले. सातव्यांदा गेले तेव्हा त्यांनी अशी कचकचीत शिवी हासडली की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"आबा, मी बेल देऊ? डावी कड जवळ आली की एक टोला?"

"आन् ती सूट न्हवं का?"

तिने दोरी सोडली. आबा पडद्यावरच्या रिकाम्या घाटाकडे बघत विचार करत राहिले.

"न्हवं," ते शेवटी म्हणाले. "सूट देनारा लांब बसून देतो. कंडक्टर गाडीत असतो. गाडी गेली तर तोबी माझ्यासंगट दरीत जातो. धर दोरी."

तिने दोरी धरली. पहिलं वळण आलं, कड जवळ आली, तिने टोला दिला, आबांनी ब्रेक मारला, सुकाणू ओढलं. त्यासाठी डावा हातही लावावा लागला. आखडलेली बोटं सुकाणूवर घट्ट मिटली आणि वेदनेने त्यांचा ओठ दाताखाली गेला. वळण निघालं. दुसऱ्या वळणावर तिचा टोला थोडा आधीच पडला, तशी आबा खेकसले, "घाई करू नगंस!" तेही निघालं. तिसरं आलं. ढासळलेल्या कठड्याचं. समोरून टेम्पो आला, तिने दोरी ओढली, आबांचा पाय पडला. पण उतार जास्त होता. जीप घसरत गेली, कड ओलांडली, आणि पडदा काळा झाला.

आई दारात हातात झारा घेऊन उभी होती. हर्षलाला आबांच्या तोंडाकडे बघायचा धीर होत नव्हता.

आबांनी सुकाणूवरचा उजवा हात तसाच ठेवला. डावा उचलला. तो मध्ये दोनदा थांबला, थरथरला, पण त्यांनी उजव्याची मदत घेतली नाही. तिच्या खुर्चीपर्यंत तो पोहोचला, बोटांनी दोरी चाचपली, धरली.

एक टोला म्हणजे थांबा. दोन म्हणजे चला, हे एसटीत बसलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

टण, टण.